सडलेले गहू

"मावशी, गहू सडलेत तर टाकून दे ना. त्यांची खीर कशाला?"

भाचीनं हे अगदी काळजीनं विचारलं. ती रविवारची जेवायला आली होती आणि मी स्वयंपाकघरातून सहज म्हटलं होतं, भावानं गावाहून सडलेले गहू पाठवलेत, आज खीर आहे. तिनं ‘सडणं’ हा शब्द फक्त नासण्याच्या अर्थानं ऐकलेला. फ्रिजमध्ये मागे राहून गेलेली कोथिंबीर सडते, शेतात पाणी साचलं की पीक सडतं. धान्य उखळात घालून मुसळानं कांडायचं आणि त्याचं वरचं टरफल काढायचं, यालाही मराठीत सडणंच म्हणतात, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. तिच्या घरी गहू येतो तो पीठ होऊन, तांदूळ येतो तो पांढरा होऊन. मी तिला हातसडीच्या तांदळाची आठवण करून दिली. तो शब्द तिनं पिशवीवर वाचला होता. पण आंबेमोहर, इंद्रायणी तसं ‘हातसडी’ हेही एखादं वाण असेल अशी तिची समजूत होती.

ती जेवून गेली आणि शब्द माझ्याकडे राहिला. एकच क्रियापद. एका अर्थानं वस्तू वाया जाते, दुसऱ्या अर्थानं ती खाण्याजोगी होते. यातला दुसरा अर्थ माझ्या लहानपणी रोजच्या बोलण्यात होता. "आज सडण आहे," असं आईनं म्हटलं की तिला हाक मारायची नाही, एवढं आम्हा भावंडांना कळायचं.

माझं माहेर माण नदीच्या काठचं, सांगोला आणि मंगळवेढा यांच्या मधल्या पट्ट्यातलं. पाऊस कमी, जमीन मात्र काळी आणि ओल धरून ठेवणारी. घराच्या सोप्यात दगडी उखळ जमिनीत पुरलेलं होतं. कडा गुळगुळीत झालेल्या, मध्ये खोलगट खळगा. माझ्या आजीच्या सासूच्या आधीपासून ते तिथं होतं म्हणतात. उखळाशेजारी भिंतीला दोन मुसळं टेकवलेली असायची, खालच्या टोकाला लोखंडी कडी असलेली.

खपली गहू सडायचे तर काम मुसळापासून सुरू होत नसे, पाण्यापासून होत असे. आजी गहू सुपात घ्यायची आणि त्यांवर पाण्याचा हबका मारायची. भिजवायचे नाहीत, नुसतं पाणी लावायचं. हातानं वरखाली करून ओल्या फडक्याखाली घटकाभर झाकून ठेवायचे. तेवढ्या वेळात टरफल पाणी पिऊन नरम पडतं आणि आतला दाणा कोरडा, कडकच राहतो. पुढचं सगळं काम या दोहोंमधल्या फरकावर चालतं. पाणी कमी पडलं तर टरफल सुटत नाही, दाणा मात्र फुटतो. जास्त झालं तर दाणाच चेचला जातो. किती पाणी, याला माप नव्हतं. आजी मूठभर गहू कानाशी न्यायची आणि मुठीतल्या मुठीत चोळायची. कोरडा गहू खरखरतो, पाणी लागलेल्याचा आवाज दबतो. "अजून बोलतुया," असं ती म्हणाली की आणखी एक हबका.

मग आई आणि शेजारच्या काकू उखळाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. पाहणाऱ्याला वाटतं, जोर लावून मारायचं असतं. तसं नाही. मुसळ मारायचं नाही, सोडायचं. त्याच्या वजनानं त्याला पडू द्यायचं आणि उचलताना मनगटाचा हलका पीळ द्यायचा. मारलं तर गव्हाच्या कण्या होतात. सोडलं तर उखळातले गहू एकमेकांवर सरकतात, घासतात आणि त्या घासण्यानंच टरफल सुटतं. म्हणजे दाण्याचं टरफल मुसळ काढत नाही, शेजारचा दाणा काढतो. ही गोष्ट कितीतरी वर्षांनी, एकदा स्वतः मुसळ हातात घेतलं तेव्हा माझ्या ध्यानात आली. तोवर मी फक्त आवाज ऐकला होता: आधी ओलसर, भरलेला धप्प, टरफल सुटायला लागलं की त्यात मिसळणारी एक सळसळ.

आजी जोत्यावर बसून ती सळसळ ऐकायची आणि मधेच हात वर करायची. मुसळं थांबायची. गहू सुपात यायचे. पाखडताना सुपाचं पुढचं टोक असं काही उडायचं, की टरफल आणि कोंडा पुढच्या काठावरून जमिनीवर आणि दाणे मागे तिच्या बोटांपाशी. पुन्हा उखळ, पुन्हा सूप. दोनदा. तिसऱ्यांदा कधीच नाही. कुणी तिसऱ्यांदा घालायला निघालं तर तिचं ठरलेलं वाक्य होतं: "वरलं निघालं न्हवं? मग आतल्याला लागाया नगं."

वरचं टरफल जाड, कोरडं, गवतासारखं. त्याच्या आत दाण्याची स्वतःची तांबूस साल, अंगाला घट्ट बसलेली. पहिलं काढायचं, दुसरीला धक्का लावायचा नाही. या दोहोंमध्ये थांबणं, एवढंच सडण्याचं कसब आहे. आणि ते थांबणं बळावर नाही, कानावर आणि बोटांवर अवलंबून असतं.

आपण पोळीसाठी नेहमी वापरतो तो गहू मळणीतच टरफलातून मोकळा होतो. खपलीचं तसं नसतं. मळणी झाली तरी टरफल दाण्याला धरूनच असतं. जखमेवर धरते तिलाही आपण खपलीच म्हणतो. खपली ही गव्हाच्या फार जुन्या जातींपैकी एक. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसानं जे गवत आपल्याजवळ पेरायला घेतलं त्यात हा गहू होता, आणि प्राचीन इजिप्तची भाकर याच गव्हाची असे. जगात बहुतेक ठिकाणी सुट्या दाण्याच्या गव्हानं त्याला मागे सारलं. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि पलीकडे उत्तर कर्नाटकात मात्र तो राहिला. तांबेरा रोगाला सहज बळी न पडणं हा त्याचा गुण. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी त्याची बुटकी, न लोळणारी वाणं काढली म्हणून माझ्या भावासारख्यांच्या शेतात तो आजही उभा राहतो. पण माझ्या मते या पट्ट्यात तो टिकला तो खिरीमुळे. जत्रेचा महाप्रसाद असो, उरूस असो, लग्नाचं जेवण असो, खपलीची खीर नाही तर पंगत नाही. सीमेपलीकडचे लोक तिला हुग्गी म्हणतात. माणसं ज्याला सणाच्या ताटात जागा देतात ते बियाणं पुढच्या वर्षी पेरलं जातंच.

त्या खिरीनं मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी रडवलं होतं. सासरी तांदळाची आणि शेवयांची खीर व्हायची. मी मोठ्या हौसेनं खपलीची करायला घेतली. गहू रात्रभर भिजवले, सकाळी शिजत लावले आणि अर्धेमुर्धे शिजलेले दिसताच गूळ घातला, कारण पाहुणे यायची वेळ झाली होती. गूळ विरघळला, रंग सुरेख आला, वासही सुटला. पण गहू तिथंच थांबले. तासभर उकळूनही दातांखाली कचकच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, खाल्ली. रात्री मी आईला पत्र लिहिलं. उत्तर आलं दोन ओळींचं: गहू पुरता उमलल्याशिवाय गूळ दाखवायचा नाही, आणि दूध पातेल्यात घालायचं नाही, ताटात घालायचं.

कारण पुढे कळलं. धान्याच्या आतला पिठूळ भाग मऊ होतो तो पाणी पिऊन फुगतो म्हणून. गोड पदार्थ पाण्याला आपल्याकडे धरून ठेवतो, मग दाण्याला प्यायला पाणी उरत नाही. अख्ख्या दाण्याला साल असते, त्यामुळे त्याचा मुळातच वेग कमी. त्यात गुळानं वाट अडवली की संपलंच. आणि गुळात थोडा आंबटपणा असतो, उकळत्या खिरीत दूध घातलं की फाटतं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिच्या दोन ओळींत काही कमीही नव्हतं. गहू उमलला हे ओळखायचं कसं तेही तिनं नंतर दाखवलं. दाणा पोटावरच्या चिरेतून उघडतो आणि आतलं पांढरं बाहेर डोकावतं. बोटांत धरून दाबला की पसरतो, पण साल हातात राहते. साल उरली नाही तर ती खीर नव्हे, पेज.

सहा-सात वर्षांपूर्वी गावाहून गहू आले नाहीत म्हणून मी शहरातल्या एका दुकानातून खपली आणली. नाव घेत नाही; अशी दुकानं आता पुष्कळ आहेत. पिशवी देखणी होती, भाव चौपट. गहू मात्र पांढुरके, मोत्यासारखे चकचकीत. मी भिजवले, शिजवले. अर्ध्या तासात त्यांचा लगदा झाला. साल नव्हतीच, मग उमलणार काय? चव फिकट लापशीची.

मी पिशवीत उरलेले गहू घेऊन खिडकीशी बसले. गव्हाच्या एका टोकाला, पाठीच्या बाजूनं, किंचित दबलेला लंबगोल भाग असतो. तो अंकुर. भावाकडचा जुना गहू बरणीच्या तळाशी मूठभर शिल्लक होता, तो शेजारी ठेवून पाहिला. भावाच्या गव्हाला ते टोक होतं, पिवळसर, जागच्या जागी. दुकानातल्या गव्हाच्या त्या जागी बारीकशी खाच. यंत्रानं घासताघासता साल नेली, तिच्याबरोबर अंकुरही नेला. दोन्ही प्रकारचे वीस-वीस दाणे मी वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधून ठेवले. तिसऱ्या दिवशी सोडले. भावाच्या वीसपैकी तेरा गव्हांना मोड आले होते. उखळात दोनदा सडलेले, मुसळाखालून गेलेले गहू, आणि तरी उगवायला तयार. दुसऱ्या फडक्यात एकही मोड नव्हता. दाणे बुळबुळीत झाले होते, आंबूस वास येत होता. ते सडले होते, भाचीला ठाऊक असलेल्या अर्थानं.

तांदळाच्या बाबतीत माणसानं साल गमावण्याची किंमत फार मोठी मोजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आशियाच्या तांदूळ खाणाऱ्या मुलखांत बेरीबेरीनं माणसं लुळी पडत होती, मरत होती. तेव्हाच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आइकमान नावाचा डच डॉक्टर त्या रोगाचा जंतू शोधत होता. त्याच्या कोंबड्यांना तशीच लुळेपणाची लक्षणं दिसू लागली आणि मग अचानक त्या बऱ्या झाल्या. शोध घेता कळलं, की मधल्या काळात त्यांना इस्पितळातल्या स्वयंपाकघरातला पॉलिश केलेल्या तांदळाचा शिजलेला भात मिळत होता. तो बंद होऊन साध्या तांदळावर आल्या आणि कोंबड्या उभ्या राहिल्या. जंतू नव्हताच. जे यंत्रानं तांदळावरून उतरवून टाकलं होतं त्याची उणीव होती. आपण आज त्याला ब१ जीवनसत्त्व म्हणतो. आइकमानला १९२९ साली नोबेल मिळालं. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्यांना हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पण भात टरफलासकट उकडून मग सडला की सालीतलं पुष्कळसं सत्त्व आधीच दाण्याच्या आत उतरलेलं असतं, आणि उकडा तांदूळ तांबूसच ठेवायची त्यांची रीत होती. त्या पेजेनं कितीतरी पिढ्या उभ्या ठेवल्या.

इथवर लिहिताना मला बरं वाटत होतं. पुढचं लिहिणं तितकं सोपं नाही, कारण त्यात आई आहे.

आमच्याकडे खपली सणाची. रोजची होती ती ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच मातीतली. ज्वारीला खपलीसारखं टरफल नसतं, पण तीही पाणी लावून सडायची, वरचा पातळ कोंडा पाखडून काढायचा आणि जात्यावर सैलसर भरडायची. चाळून पीठ वेगळं काढलं की चाळणीत राहतात त्या कण्या. उकळत्या मिठाच्या पाण्यात त्या वैरायच्या, मंद आचेवर रटरटू द्यायच्या, वरून ताक. थंडीत गरम, उन्हाळ्यात गार. कृष्णानं दुर्योधनाची पक्वान्नं सोडून विदुराघरी कण्या खाल्ल्या ही कथा आमच्या गावात कीर्तनात दरवर्षी व्हायची आणि त्या जागी लोक हमखास डोळे पुसायचे.

आई पुसायची नाही. एकदा कीर्तनावरून परत येताना मी तिला विचारलं, तुला विदुराची गोष्ट आवडत नाही का? ती म्हणाली, "देवानं एक दिवस खाल्ल्या. आम्ही वर्ष काढलं."

ते वर्ष १९७२ चं. मी दहा वर्षांची होते. माण नदीच्या पात्रात वाळूशिवाय काही नव्हतं. धान्याचं बळद तळापर्यंत खरवडून झालं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं खायला सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आमच्यासाठी घरी आणायची. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. आमच्या घरात तिची भाकरी कुणाला थापता यायची नाही, तव्यावर पोचायच्या आधी चिरायची. म्हणून आई तिच्या कण्या करायची. दिवसभर हातोडी चालवून आलेले हात, संध्याकाळी मुसळ धरायचे. ताक नव्हतं, कारण गाय छावणीत होती. नुसतं मीठ. त्या वर्षानंतर पीक आलं, मालदांडीची पांढरी टपोरी कणसं पुन्हा घरात आली. पण कण्या आईनं पुन्हा तोंडाला लावल्या नाहीत. घरात गिरणीचं पीठ आलं, रेशनचा पांढरा तांदूळ आला, तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं.

मी पुण्यात कौतुकानं पहिल्यांदा कण्या केल्या त्या दिवशी ती माझ्याकडेच होती. म्हणाली, "आम्ही दळण-कांडणातनं सुटलो. तू हौसेनं परत त्यात पाय कशाला घालतेस?"

मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही, आणि पुढे सुचलं त्यातलं तिला एकही सांगावंसं वाटलं नाही. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षी जिकडेतिकडे ज्वारी-बाजरीची वाहवा चालली होती. मी एका कार्यक्रमाला आईला नेलं. मंचावर कण्यांना नवं नाव मिळालं होतं, छोट्या वाटीत, वर डाळिंबाचे दाणे. आईनं वाटी हातात धरली, पाहिली आणि शेजारच्या मुलीला देऊन टाकली. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. अख्खं धान्य आपल्या घरांतून गेलं ते लोकांना कळत नव्हतं म्हणून नाही. ते बायकांच्या खांद्यांवर उभं होतं. पहाटेचं दळण, दुपारचं सडण, आणि त्यावर घरातल्या शेवटच्या माणसाच्या ताटात उरलेली कणी. यंत्र आलं तेव्हा त्या खांद्यांनी ओझं उतरवलं. त्यांना पुन्हा ते उचला म्हणायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. पण ओझ्याबरोबर दाण्याची सालही उतरवून टाकली गेली, आणि ती मात्र परत आणता येते. त्यासाठी उखळ लागत नाही.

मी करते ते असं. खपली भावाकडून टरफल काढूनच येते. पूर्वी उखळात सडलेली असायची; आता त्याच्या गावाजवळ एक गिरणीवाला आहे, तो रबराच्या पट्ट्यावर हळू वेगात टरफल सोडवतो आणि पॉलिशला लावत नाही. भाऊ समोर उभा राहून करून घेतो. शंभर किलोतले वीस-तीस किलो टरफलातच जातात, ते जनावरांच्या अंगाखाली पसरायला. घरी मी गहू दहा तास भिजवते, चौपट पाण्यात कुकरला लावते, एक शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून अर्धा-पाऊण तास. उमलले की मग गूळ, ओलं खोबरं, भाजून कुटलेली खसखस, सुंठ आणि जायफळ. गोड नको त्या दिवशी तेच गहू फोडणीला टाकते, कांदा, ओल्या मिरच्या आणि शेंगदाणे घालून. ज्वारी अख्खी शिजवायची तर भिजवणं आणखी वाढवावं लागतं, आणि शिजूनही ती दातांशी थोडी झुंजते. मला ते आवडतं, पण घरातल्या सगळ्यांना नाही.

कण्यांसाठी ज्वारीला आजीसारखाच पाण्याचा हबका मारते आणि मिक्सरचं बटण उलट्या बाजूला दोन-दोन सेकंद फिरवते. पातं दाणा कापतं, मुसळासारखं सोलत नाही. कण्यांना कापणं चालतं. बाजरीच्या खिचड्यालाही हीच युक्ती: पाणी लावायचं, दोन सेकंद फिरवायचं, सुती फडक्यावर चोळायचं, पाखडायचं आणि मुगाच्या डाळीबरोबर शिजवायचं. फक्त एक ध्यानात ठेवावं लागतं. अख्खा दाणा वर्षभर डब्यात राहतो. एकदा तो फुटला की अंकुरातलं तेल हवेला लागतं आणि खवट व्हायला सुरुवात होते. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं ते याचमुळे. म्हणून लागेल तेवढंच भरडायचं. एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते: उपासाला आपण धान्य खात नाही म्हणतो आणि भगर खातो. भगर म्हणजे वरई, नाचणीच्या गोतातलंच तृणधान्य. एकादशीला जे चालतं ते बारशीपासून पुढच्या एकादशीपर्यंत का चालू नये?

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि माझ्याकडेच राहते. तिला मी कण्या वाढत नाही. माझ्या आहेत त्या मी माझ्यापुरत्या करते आणि तिच्यासमोर बसून खातही नाही. खिरीचं वेगळं. गावाहून गव्हाची पिशवी आली की ती चष्मा लावून बसते, ताटात मूठभर गहू पसरते आणि एकेक दाणा बोटानं बाजूला सारत पाहते. डोळ्यांना नीट दिसत नाही, तेव्हा दाणा अंगठ्याखाली फिरवते. "सालीला लागलं नाही कुठं," असं म्हणाली की मी गहू भिजत घालते.

दुकानात खपली घ्याल तेव्हा पिशवीवरचं वाचत बसू नका, गहू पाहा. दाणा लांबट आणि तांबूस हवा, हाताला किंचित खरबरीत लागायला हवा, आणि टोकाचा अंकुर जागेवर हवा. पांढरा आणि चकचकीत असेल तर परत ठेवा.